हॅव कम

दांडिया बाजारात, सेवउसळीच्या दुकानावर, दुसरा मजला.
साडेसहाची बॅच. बाकांवर अकरा जण
आणि जिन्यातून वर चढत येणारा तर्रीचा वास,
त्यामुळे सातनंतर कुणाचंच लक्ष व्याकरणात नसतं.
मग मी फळ्यावर तेच लिहिते:
आय ईट सेवउसळ.
आय हॅव ईटन सेवउसळ.

पहिल्यात सवय आहे, सांगते,
दर शनिवारी, भूक असो नसो.
दुसऱ्यात खाणं संपलंय
पण ओठ अजून चुरचुरतायत.
ते चुरचुरणं म्हणजे हॅव.
डभोईची मित्तल, नर्स आहे, नीट लिहून घेते:
हॅव म्हणजे चुरचुरणं.
परीक्षेत असं लिहू नकोस,
एवढं सांगायचं राहून जातं.

धार्मिक रोज एकाच ठिकाणी अडतो.
आय लिव्ह इन वडोदरा.
किती वर्षं, ते सांगितलंस ना? मग लिव्ह नाही, हॅव लिव्ह्ड.
"पण मॅडम, हजी तो रहुं छुं!"
अजून राहतोच आहे की हा, इथेच, कारेलीबागेत,
सकाळी गाडी पुसतो, रात्री गाडी लावतो.
त्याचं काय चुकलं?
मीही घरी तसंच म्हणते, लग्नापासून याच घरात राहते.
राहते म्हणजे राहते.
इंग्रजीला मात्र मागची बाकी आधी दाखवावी लागते,
बँकेतल्या कारकुनासारखी ती चष्म्यावरून बघते.

मग तोंडी सराव. मित्तलच्या हातात कार्ड येतं,
ती मलाच विचारते,
व्हेअर डू यू कम फ्रॉम, मॅडम?
बरोबर विचारलंस, म्हणते मी.
हॅव यू कम विचारलं असतंस
तर माझी बॅग अजून दारात असती
आणि चपलेवर वाटेतली माती.
डू यू कम म्हणजे मूळ.
जिथून माणूस येतच राहतो
कुठेही न जाता.
"तो तमे?" मित्तल सोडत नाही.

आमच्यातले कुणी विनायकराव
फौजेच्या मागोमाग, दाणावैरणीचा हिशेब लिहीत आले.
त्याला आठ पिढ्या झाल्या.
तरी समोरचे त्रिवेदीकाका दर दिवाळीला
मठिया पुढे करत, मायेनंच विचारतात,
तमे लोको क्यांथी आव्या?
हॅव कम.
आणि पुण्याला नणंदेकडे
"थांबा, चहा मूकते" म्हटलं की स्वयंपाकघरात हशा.
अगं, ही गुजरातहून आलीय ना!
पुन्हा हॅव कम.
दोन्ही दारांत माझी बॅग तशीच.

हे मी बॅचला सांगत नाही.
मित्तलचा व्हिसा आलाय, बुधवारचं विमान.
तिथे, बर्फात, तिला विचारतील
आणि ती चोख सांगेल, आय कम फ्रॉम इंडिया.
किती वर्षांनी तिथलंच गाव त्या वाक्यात बसेल?
पुस्तकात चौदावा स्वाध्याय आहे, योग्य रूप निवडा,
मागे उत्तरंही आहेत.
हे त्यात नाही.

मी मित्तलला उत्तर देते, पण फळ्यावर, देवनागरीत:
मी बडोद्याची.
बाकं गप्प.
"मॅडम, आमां वर्ब क्यां छे?" धार्मिक.
खरंच की. नाहीच.
क्रियापद नाही, मग काळ टांगायचा कुठे?
एवढी वर्षं शिकवते आहे
(इथे, धार्मिक, इंग्रजीत हॅव लागेल)
आणि हे माझ्या आज लक्षात येतंय.

खाली कुणी जास्तीचे दोन पाव मागतंय.
उद्या बघू, म्हणते.
वह्या मिटतात, चपलांचा गोंधळ होतो,
मित्तल जिन्यातून वळून हात करते:
आवजो, मॅडम.
निघाली ती, आणि यायला मला सांगते.
याचा काळ कुठला ते विचारायला
धार्मिक नेमका थांबलेला नाही.
मी डस्टर शोधते.